विण्याच्या काळातील गाईचे खूर आणि पूरक आहार

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत उसाच्या जोडीने संकरित गाईंचा दुग्धव्यवसाय घरोघरी रुजला आहे. येथील वैद्याला रुग्ण स्वतःच्या गुडघेदुखीबरोबरच ‘व्यायलेली गाय लंगडते, हाडांचे काही औषध द्या’ असेही विचारतो. त्यास काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आयुर्वेदाने नख हा अस्थिधातूचा मल मानला आहे. खूर म्हणजे गाईचे नखच. तेव्हा त्याचा विचारही अग्नी व आहारापासूनच करावा लागतो. व्याल्यावर दूध वाढावे म्हणून भरडा व पेंड एकदम वाढविल्यास पोटात आम्लता वाढते व खुरातील मृदू थर दुखावतो. याच सुमारास खुरातील अस्थी धरून ठेवणारे बंध शिथिल झालेले असतात. गाय कृश झाल्यास अस्थीखालील मेदाची गादीही पातळ होते. खूर महिन्याला सुमारे ५ मि.मी. वाढतो. त्यामुळे विण्याच्या वेळची इजा तळव्यावर दोन-तीन महिन्यांनी व्रणरूपाने दिसते.

म्हणूनच पूरक आहार लंगडण्यापूर्वी हवा. बायोटिन रोज २० मि.ग्रॅ. याप्रमाणे किमान ६ महिने दिल्यास खुराची प्रत सुधारते. जस्त, तांबे व मँगनीज खनिज मिश्रणातून मिळतात. मात्र तांब्याचा अतिरेक विषारी ठरतो. उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. केवळ वाढ्यांवर गाय पोसू नये, कडबा व हिरवी वैरण जोडीला द्यावी. खुराक मात्र हळूहळू वाढवावा.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘अस्थिपोषक’ म्हणून गाभण गाईस शेवटच्या तीन आठवड्यांत शंखभस्मासारखी कॅल्शियमयुक्त द्रव्ये भरपूर देणे हितावह नाही. त्याने अस्थींतून कॅल्शियम मुक्त करण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि व्याल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. व्याल्यावर एक-दोन दिवसांत गाय उठेनाशी झाली, तर ते लंगडणे समजू नये. तातडीने पशुवैद्यकास बोलवावे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. आपण औषध लिहू नये. परंतु गाय केव्हा व्याली, खुराक किती दिवसांत वाढविला आणि गोठ्यात बसायला कोरडी, मऊ जागा आहे का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. निदान-परिवर्जनाचे तत्त्व गोठ्यातही तितकेच खरे आहे.