स्वस्त काय, ते पाकिटावर वाचा

रेल्वे स्टेशनच्या पलीकडची गुढियारी ही रायपूरची किराण्याची थोक बाजारपेठ. तरी तात्यापारा, चौबे कॉलनीतल्या मराठी घरांतही महिन्याचं सामान आता बरेचदा मोठ्या स्टोअरमधून येतं. तिथे माल उघडून दाखवणारा दुकानदार समोर नसतो. पारख आपल्यालाच करावी लागते, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

गैरसमज : एमआरपीवर सूट म्हणजे स्वस्त.
वस्तुस्थिती : एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत. त्याखाली कुणीही, कितीलाही विकू शकतो. गुढियारीचा व्यापारीही विकतो. सूट किती टक्के यापेक्षा शेवटी किती रुपये मोजले, ते पाहा.

गैरसमज : मोठं पाकीट नेहमी परवडतं.
वस्तुस्थिती : नेहमी नाही. पाकीटबंद मालाच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीनं पाकिटावर एकक दर छापण्याचा नियम आणला. मात्र किलोपेक्षा लहान पाकिटावर तो दर ग्रॅमला असतो, मोठ्यावर दर किलोला. 0.16 रुपये ग्रॅम म्हणजे 160 रुपये किलो. एवढा गुणाकार करूनच तुलना करा.

गैरसमज : सुटी डाळ आणि पाकीटबंद डाळ, कर सारखाच.
वस्तुस्थिती : 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळ-तांदळावर ब्रँड असो-नसो 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्यावर तो नाही. सुटा माल घेताना मात्र काटा आधी शून्यावर आहे ना, हे बघा.

गैरसमज : मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही.
वस्तुस्थिती : होतं. नंबरासाठी अडवणूक करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्ये बजावलं. कॅरीबॅगचे पैसेही आधी न सांगता बिलात लावू नयेत, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा डिसेंबर 2020 चा निकाल आहे.

गैरसमज : ‘विकलेला माल परत नाही’ अशी पाटी असली की विषय संपला.
वस्तुस्थिती : सदोष माल परत घ्यावाच लागतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत. वस्तू चांगली असून नकोशी झाली, तर मात्र दुकानाचे नियम लागू होतात.

गैरसमज : तक्रार म्हणजे वकील आणि खर्च.
वस्तुस्थिती : आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे सुटलं नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकिलाची सक्तीही नाही.

या सगळ्याला आधार एकच, बिल. म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी ते ओळ न् ओळ वाचा. मागे रांग खोळंबली तरी संकोच नको. पैसे आपल्या घामाचे आहेत.