बाजरीचे पान हात का कापते?

नरडाण्याच्या शिवारात बाजरीची कणसे खुडणाऱ्या बायांच्या हातावर संध्याकाळपर्यंत बारीक चरे उमटलेले असतात. शेजारच्या कपाशीत बोंडाची टोके टोचतात, पण कपाशीचे पान कुणाला कापत नाही. ज्वारी-मक्याची पाने कापतात, कडब्याची कुट्टी करताना पातेही लवकर बोथट होते. या सगळ्याचे कारण एकच: सिलिका. वाळूत आणि गारगोटीत असते तीच. गवतवर्गातली पिके ती मातीतून उचलतात आणि पानांच्या कडांत, देठांत, कणसांच्या तुसात काचेसारखी साठवतात.

हीच काच पिकाला मातीतल्या विषारी धातूंपासूनही काही प्रमाणात वाचवते. नरडाण्यासारख्या गावात हा विषय महत्त्वाचा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग येथे जवळ येतात, औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या आसपास शेतीही आहे. कारखाने, रहदारी, सांडपाण्यावरचा भाजीपाला आणि खनिज फॉस्फेटपासून बनलेली खते हे कॅडमियम, शिसे असे धातू मातीत येण्याचे जगभरातले नेहमीचे मार्ग आहेत. एकदा आलेला धातू कुजत नाही, विरत नाही.

यात सर्वांत लबाड कॅडमियम. पीक हिरवेगार दिसते, दाणा भरतो, चव बदलत नाही, आणि तरी धातू ताटात पोचतो. तो मूत्रपिंडात साठतो आणि दहा ते तीस वर्षांत कसाबसा निम्मा होतो. जपानमधल्या तोयामा भागात खाणीतून नदीत आलेले कॅडमियम भातखाचरांत उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाल्लेल्या लोकांची, विशेषतः वयस्क बायांची, हाडे ठिसूळ झाली. त्या दुखण्याला लोकांनी ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे नाव दिले. हा प्रदूषणाचा आजार असल्याचे तिथल्या सरकारने 1968 साली मान्य केले.

सिलिकॉनचा बराचसा अभ्यासही जपानमध्येच झाला. पीक सिलिकॉन घेते ते पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपात. 2006 साली ओकायामा विद्यापीठाच्या जियान फेंग मा यांच्या गटाने भाताच्या मुळातले ते आत घेणारे प्रथिन शोधले. दोन वर्षांनी कळले की पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिकही याच दारातून आत शिरते. मात्र दारात सिलिकॉनची गर्दी असेल, तर आर्सेनिकला वाट कमी मिळते.

कॅडमियमची गोष्ट वेगळी. मुळाच्या पेशीभित्तींत साचलेला सिलिका धातूला तिथेच धरून ठेवतो आणि पेशींच्या फटींतून वर सरकणारे पाणीही अडवतो. त्यामुळे मुळात धातू राहतो, दाण्यात कमी जातो. मँगनीजच्या बाबतीत तर सिलिकॉन धातू अडवण्याऐवजी तो पानभर सारखा पसरवतो. एका जागी साठून पडणारे तपकिरी डाग मग दिसत नाहीत. बार्लीवर हे 1957 सालीच दाखवले गेले.

पण हे सगळ्या पिकांना लागू नाही. भाताच्या सुक्या वजनात शेकडा दहापर्यंत सिलिका भरते, गहू-ज्वारीत साधारण एक ते तीन. कपाशी, हरभरा, टोमॅटो यांना अर्धा टक्काही मिळवता येत नाही. केळी मात्र बऱ्यापैकी सिलिकॉन घेते. म्हणजे एकाच बांधाच्या दोन बाजूंना सिलिकॉनचा उपयोग वेगवेगळा. आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांत तर आपण धातू साठवणारे पानच खातो.

खानदेशच्या काळ्या मातीची जमेची बाजू अशी, की ती चिकण आणि बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून कॅडमियम घट्ट धरून ठेवते. ती बेसाल्टपासून बनलेली आहे आणि बेसाल्टचा निम्मा भाग सिलिकाच. तरी पिकाच्या हाती लागणारे सिलिकॉन थोडेच, मातीतल्या पाण्यात लिटरमागे साधारण तीन ते सतरा मिलिग्रॅम. म्हणून बाहेरून देण्याचा विचार होतो: भाताच्या तुसाची राख, उसाच्या चिपाडाची राख, कॅल्शियम सिलिकेट. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेतही सिलिका भरपूर असते, पण ती बहुतांश काचेत अडकलेली आणि सोबत धातूही आणणारी. फुकट मिळते म्हणून ती शेतात पसरणे शहाणपणाचे नाही.

बाटलीतल्या फवारणीबद्दलही थोडे सावध राहावे. पानावर बसलेला सिलिका तिथेच घट्ट होतो, मुळाकडे उतरत नाही, तेव्हा मुळाशी अपेक्षित असलेला अडसर त्यातून उभा राहत नाही. कुंडीतल्या प्रयोगात दिसलेला फरक शेतात सहसा तेवढा दिसतही नाही. शिवाय सिलिकॉन धातूला अडवतो, जमिनीतून काढत नाही. विषारी पाणी येतच राहिले तर राख टाकून काय होणार?

शंका असलेल्या शेतात आधी माती तपासणे हाच पहिला खर्च. शेतकऱ्याकडच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. त्यात ना सिलिकॉन, ना कॅडमियम. ज्या अर्कातून जस्त आणि तांबे मोजतात, त्याच अर्कातून कॅडमियम, शिसे आणि निकेल मोजता येते. फक्त नमुना देताना ते वेगळे सांगावे लागते.