कचरेवाल्या मावशींची कंपनी

रोज सकाळी तुमच्या दारावरची बेल वाजवणारी ती बाई महापालिकेच्या नोकरीत नाही आणि सोसायटीच्याही नाही. ती एका सहकारी संस्थेची मालकीण आहे. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ची ही गोष्ट.

पुण्यात नुकताच फ्लॅट घेतला असेल किंवा तिघा-चौघांत भाड्यानं राहत असाल, तर हा सीन पाठ असणार. यूएसवाल्यांबरोबरचा कॉल संपवून तुम्ही दोन वाजता झोपलेले. सव्वाआठला बेल. “कचराऽऽ!” मग काय, अर्धवट डोळ्यांनी उठायचं, पिझ्झाचा बॉक्स, बियरच्या बाटल्या, उरलेली ग्रेव्ही असं सगळं एकाच पिशवीत कोंबायचं, गाठ मारायची आणि दाराबाहेर. टेन्शन खल्लास!

तुमचं. तिचं आता सुरू झालं.

कारण त्या पिशवीत तिची कमाई आहे. कोरडा पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, डबे हे सगळं भंगारच्या दुकानात विकलं जातं. ग्रेव्हीत भिजलेल्या पुठ्ठ्याला कुणी हात लावत नाही. तिचा पैसा दोन खिशांतून येतो. घरटी मिळणारा महिन्याचा आकार हा एक, आणि विकलेलं भंगार हा दुसरा. महापालिका तिला पगार देत नाही. एक पिशवी की दोन डबे, हा तुमच्यासाठी आळसाचा मामला. तिच्यासाठी तो हिशेब आहे. वर ती गाठ सोडून आत हात घालणारीही तीच. आत फुटलेली काच असू शकते, दाढीचं ब्लेड असू शकतं.

‘एनजीओ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोळी, खादीचा झब्बा आणि डोनेशनची पावती येते. इथे तसा काही प्रकार नाही.

१९९०च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांबरोबर काम करत होत्या. या बायका बहुतेक दलित समाजातल्या. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कुटुंबंही त्यात बरीच होती. पाटी-पेन्सिलपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता. कुंडीत उतरून घाणीतून पुठ्ठा उपसण्याऐवजी तोच पुठ्ठा थेट घरातून, कोरडा मिळाला तर? साधी आयडिया, पण वेळ वाचतो, कमाई वाढते आणि अंगाला वासही कमी येतो.

१९९३च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. हमालांना संघटित करणारे बाबा आढाव पुढाकार घेणाऱ्यांत होते. त्यातून उभी राहिली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नाव परत वाचा, भंगारच्या दुकानातला अख्खा रेटबोर्डच आहे तो! दान मागणारी संस्था नव्हे, तर चक्क कामगार युनियन. पहिल्या काही मागण्यांत एक होती फोटो असलेल्या ओळखपत्राची. तुमच्या गळ्यातलं आयकार्ड विसरलं तर फार तर सिक्युरिटीशी हुज्जत होते. हिच्याकडे कार्ड नसलं तर पहाटे पोती घेऊन फिरणारी बाई चोर ठरायची. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुणे महापालिकेनं या कार्डांवर आपली मोहोर उमटवली.

मग आले २००० सालचे घनकचऱ्याचे नियम. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, असं त्यांनी महापालिकांना सांगितलं. ऐकायला झकास. पण ठेकेदाराची गाडी दारात आली की कुंडीवर जगणाऱ्या बाईचं काय? युनियननं भांडणाऐवजी टेंडरच्या भाषेत उत्तर दिलं, की हे काम आम्हीच करतो. २००७मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांच्या घरात कचरावेचक तिच्यात आहेत. पर्यावरणाचा फायदा वेगळा सांगायला नको. त्यांनी वेचून विकलेला प्रत्येक किलो डेपोवर जायचा वाचतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, हे पेपरात वाचलंच असेल.

सगळं गुडी-गुडी मात्र नाही. पहिला करार २०१३मध्ये संपला, पुढचा व्हायला २०१६ उजाडलं. तोही २०२०च्या अखेरीस संपला आणि पुन्हा मुदतवाढीचा खेळ. हे त्याच २०२० सालातलं, ज्यात आपण घरात बसून वर्क फ्रॉम होम करत होतो आणि या बायका दारोदार कचरा उचलत होत्या. अप्रेझल दोन महिने लांबलं की आपण नोकरीच्या साइटवर सीव्ही अपडेट करतो, बॉस! इथे करार नसतानाही बेल वेळेवर वाजत होती.

आता जरा अवघड विषय. सॅनिटरी पॅड्स. पेपरात न गुंडाळता टाकलेला पॅड कुणाच्या तरी हाताला लागतो, आणि तो हात तिचा असतो. २०१३मध्ये या बायकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पत्त्यावर परत पाठवले. तुमचं प्रॉडक्ट, तुम्हीच बघा! निषेधाचा इतका थेट नमुना क्वचितच सापडेल. २०१६च्या नियमांत पॅडच्या पाकिटाबरोबर विल्हेवाटीसाठी वेगळं आवरण देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. दरम्यान कचरावेचक स्त्रियांनीच जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या बनवून विकायला सुरुवात केली. पिशवी नसेल तर पॅड कागदात गुंडाळा आणि वर ठसठशीत लाल ठिपका काढा, अशी त्यांची मोहीम आहे. बाळाच्या डायपरलाही हाच नियम. वेळ लागतो दहा सेकंद. आणि हो, मुलांनो, पानं उलटू नका, घरातला डस्टबिन तुमचाही आहे.

राहिला पैशांचा मुद्दा. महिन्याचा आकार कॉफी शॉपमधल्या एका कॅपुचिनोपेक्षा कमी. तरी दर महिन्याला तेच डायलॉग, “मागच्या महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावी होतो,” किंवा “सोसायटी मेन्टेनन्समध्ये घेते ना?” बऱ्याच ठिकाणी सोसायटी घेत नाही. एकदा सेक्रेटरीला विचारून खात्री करा, आणि फ्लॅटमेट्समध्ये लाइट बिलासारखीच याचीही वाटणी ठरवून टाका.

आणि दिवाळीच्या साफसफाईत किंवा फ्लॅट बदलताना माळ्यावरून कॉलेजची बॅग, न होणाऱ्या जीन्स, बंद पडलेला मिक्सर निघाला, तर तो रात्री गुपचूप कुंडीशेजारी ठेवून येऊ नका. ‘स्वच्छ’च्या ‘व्ही कलेक्ट’ उपक्रमात अशा वस्तू घेतात. वापरण्याजोगं असेल ते पुन्हा वापरात जातं, बाकीचं रीसायकलला. फक्त कपडे धुतलेले असू द्या.