लेकीसाठी थांबलेलं गाणं

"पूर्वी गात होते, आता कुठलं जमतंय!" हे आपल्या गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. म्हणून आज टेरी कॅलियर या अमेरिकेतल्या गायकाविषयी सांगणार आहोत. ते स्वतः गाणं लिहायचे, चाल लावायचे आणि गिटार वाजवत म्हणायचे. त्यांचा जन्म १९४५ चा, शिकागो शहरातला.

त्यांच्या गाण्यात तीन प्रकार एकत्र आले. पहिला फोक, म्हणजे लोकगीत. आपल्या ओवीसारखी साधी चाल आणि रोजच्या जगण्यातले शब्द. दुसरा सोल. तिथले काळे लोक चर्चमध्ये जीव ओतून देवाची गाणी म्हणतात. तसाच गळा लावून प्रेमाची, दुःखाची गाणी म्हटली की झालं सोल. तिसरा जॅझ. यात ठरलेली चाल मनात धरून वाजवणारा तिथल्या तिथे नवं काही रचत जातो.

कॅलियर यांनी सुरुवात लोकगीतांपासून केली. पहिला अल्बम १९६४ मध्ये रेकॉर्ड झाला, पण बाजारात यायला १९६८ उजाडलं. जॉन कोल्ट्रेन यांचं जॅझ ऐकून ते भारावले होते. म्हणून त्या लोकगीतांना त्यांनी खर्जात वाजणाऱ्या दोन मोठ्या तंतुवाद्यांची साथ घेतली. १९७० नंतर त्यांचं गाणं सोलकडे वळलं. जाणकारांनी नावाजलं, पण रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत.

१९८३ च्या सुमारास मुलीला सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आली. कार्यक्रमांच्या कमाईचा भरवसा नव्हता. त्यांनी गाणं थांबवलं, संगणकाचं काम शिकून घेतलं आणि शिकागो विद्यापीठात नोकरी धरली. नोकरी करता करता पदवीसाठी शिक्षणही घेतलं.

इकडे ब्रिटनमधल्या तरुणांना त्यांच्या जुन्या रेकॉर्ड सापडल्या. तिथून बोलावणं आलं. नोकरीतून सुट्टी काढून ते तिकडे जाऊन गाऊ लागले. १९९८ मध्ये त्यांचा 'टाइमपीस' हा अल्बम आला आणि त्याला संयुक्त राष्ट्रांचा शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ते वारले.

लेकरासाठी गाणं सोडणाऱ्या बापाचं जगाने कौतुक केलं, ते योग्यच. पण आपल्या आया-आज्यांनी हेच केलं, त्याला कुणी त्याग म्हटलं नाही. शिवाय कॅलियर यांना परत बोलावणारी रेकॉर्ड तरी मागे होती. आपल्या कितीतरी बायांचं गाणं त्यांच्याबरोबरच गेलं.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास राखून ठेवूया. ज्यांना गाणं येतं त्यांनी म्हणावं, एकीने मोबाइलवर रेकॉर्ड करावं. आधी गाणारीचं नाव आणि गाव सांगायला मात्र विसरू नका.