कॅथीड्रलदर्शन आणि दुपारचा चहा

अमेरिकेच्या राजधानीतील वॉशिंग्टन नॅशनल कॅथीड्रल हे एपिस्कोपल पंथाचे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च असून, त्याची पायाभरणी १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत झाली आणि बांधकाम ८३ वर्षांनी, १९९० मध्ये पूर्ण झाले. या कॅथीड्रलने मार्गदर्शित दर्शनाला दुपारच्या चहाची जोड देणारा उपक्रम चालवला.

इमारत विसाव्या शतकातील असली तरी तिची शैली मध्ययुगीन इंग्लंडमधील गॉथिक आहे. या शैलीत टोकदार कमानी आणि भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या अर्धकमानी छताचा भार वाहून नेतात, त्यामुळे भिंती हलक्या ठेवून त्यांत रंगीत काचांच्या उंच खिडक्या बसवता येतात. अशाच एका खिडकीत ‘अपोलो ११’ मोहिमेत चंद्रावरून आणलेल्या खडकाचा तुकडा बसवलेला आहे, तर वायव्य मनोऱ्यावर ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील डार्थ व्हेडरचे शिर कोरलेले आहे; मार्गदर्शकाविना अशा गोष्टी सहसा नजरेतून निसटतात.

दर्शनानंतर सातव्या मजल्यावरील सज्जात, शहराचे विस्तीर्ण दृश्य समोर ठेवून, चहासोबत छोटी सँडविचेस, स्कोन नावाचे पावासारखे पदार्थ आणि गोड खाऊ दिला जाई. इंग्लंडमध्ये १८४०च्या सुमारास उमराव घराण्यांत रुजलेली ही प्रथा इंग्लिश गॉथिक वास्तूला साजेशी होतीच. शिवाय नियमित सरकारी अनुदानाविना चालणाऱ्या आणि २०११च्या भूकंपात हानी सोसलेल्या या वास्तूला अशा सशुल्क उपक्रमांचा आर्थिक आधारही मिळतो.