रांगेतला उशीर
ऑक्टोबर 2022 अखेरीस ट्विटर ईलॉन मस्क यांच्या ताब्यात गेलं आणि मास्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या सोशल नेटवर्ककडे लोकांचा लोंढा वळला. स्वतःच्या हिमतीवर सर्व्हर चालवणाऱ्या ॲडमिनना तेव्हा एक चमत्कारिक प्रकार दिसला. पान झटकन उघडे, पोस्टही जाई, पण इतरांपर्यंत पोहोचायला कधी कधी तास उलटत. वेबसाइट ठणठणीत होती. तुंबली होती साइडकिकची रांग. माइक पेरम यांनी 2012 मध्ये रूबीसाठी आणलेलं साइडकिक ही मास्टोडॉनची खरी कामकरी यंत्रणा आहे. पोस्ट नोंदवून वेब सर्व्हर मोकळा होतो. ती दुसऱ्या सर्व्हरांवर पाठवणं, बाहेरून आलेल्या पोस्ट तपासून घेणं, मेल धाडणं हे सगळं रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमधल्या वेगवेगळ्या रांगांत जातं. फॉलोअर दोन हजार सर्व्हरांवर विखुरलेले असले, तर एका पोस्टमागे पोहोचवण्याची सुमारे दोन हजार कामं उभी राहतात. म्हणून सर्व्हरची तब्येत पान उघडण्याच्या वेगावरून नव्हे, तर रांगेतलं सर्वांत जुनं काम किती वेळ ताटकळलंय यावरून जोखावी, असं माझं ठाम मत आहे. नुसती लांबी फसवते. दहा हजार हलकी कामं पटापट संपतात, आणि प्रतिसाद न देणाऱ्या सर्व्हरची वाट पाहणारी पन्नास कामं साइडकिकचे सगळे थ्रेड अडवून बसतात.

यावर कुणी म्हणेल, थ्रेड वाढवा की! तेवढ्याने भागत नाही. थ्रेड वाढले की डेटाबेसची कनेक्शनंही वाढवावी लागतात, आणि मास्टोडॉनच्या पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनांची आहे. शिवाय नेहमीच्या रूबीत एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड रूबीचा कोड चालवतो. जास्त कोअर कामाला लावायचे तर प्रोसेस वाढवायला हव्यात. त्या वाढवताना रांगाही त्यांच्यात वाटून द्याव्यात, म्हणजे पासवर्ड बदलण्याचा मेल हजारो पोस्टच्या मागे खोळंबत नाही. वेळापत्रकाची ‘शेड्युलर’ रांग मात्र एकाच प्रोसेसकडे ठेवायची.

दहा-वीस जणांच्या सर्व्हरला एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. तिथे एक प्रोसेस पुरते. पण कामं हरवण्याचा धोका तिथेही तितकाच. मेमरी भरल्यावर जुन्या नोंदी पुसायची मुभा रेडिसला दिली असेल, तर न झालेली कामंही बिनबोभाट पुसली जातात. म्हणून रेडिसमध्ये ‘नोइव्हिक्शन’, म्हणजे काहीही न पुसण्याचं, धोरणच हवं. दुसरा धोका असा, की साइडकिकची मोफत आवृत्ती काम रांगेतून काढते आणि मग करायला घेते. रीस्टार्टची रीतसर सूचना मिळाली, तर हातातली कामं संपवायला ती साधारण 25 सेकंद थांबते आणि उरलेली रांगेत परत ठेवते. मेमरी संपल्यामुळे लिनक्सने प्रोसेस थेट मारली, तर ही उसंतच मिळत नाही, आणि त्या क्षणी हातात असलेली कामं कायमची जातात.