माजी सैनिकाचा गुडघा आणि अपिलाचा हक्क

शस्त्राघाताची जखम सर्वांना दिसते. परंतु वर्षानुवर्षे पाठीवर ओझे वागवून कवायती करताना झिजलेला गुडघा सेवेपायीच झिजला, हे दाखवून देण्याची वेळ अमेरिकेतील माजी सैनिकावर येते, आणि त्याचा पहिला दावा नामंजूर झाला, तरी दाद मागण्याचा त्याचा हक्क संपत नाही.

2019 पासून तेथील माजी सैनिक खात्याच्या निकालाविरुद्ध तीन मार्ग खुले आहेत: नवा व प्रस्तुत पुरावा जोडून पूरक दावा करणे, जुन्याच दप्तराची वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागणे, अथवा अपील मंडळाच्या न्यायाधीशापुढे जाणे. निकालपत्रापासून 1 वर्षाच्या आत अर्ज गुदरल्यास मूळ दाव्याची तारीख सामान्यतः कायम राहते, आणि दावा मंजूर झाल्यास थकबाकी तिच्यापासूनच मोजली जाते.

तपासणीत डॉक्टर कोनमापक लावून गुडघा किती वाकतो ते पाहतात. निरोगी गुडघा 140 अंश वाकतो, तो 45 अंशांवर अडला तर 10 टक्के, 30 वर 20 आणि 15 वर 30 टक्के अपंगत्व धरले जाते. मात्र दुखणे बळावते तेव्हा होणारी कार्यहानीही विचारात घ्यावी, असे 1995 च्या डेलूका खटल्यात न्यायालयाने बजावले. म्हणून ती डॉक्टरांस स्पष्ट सांगावी.

सेवाकालीन इजेची नोंद, आजचे निदान आणि दोहोंचा कार्यकारणसंबंध सांगणारे वैद्यकीय मत, ही त्रयी दाव्याचा कणा होय. पुराव्याची पारडी समतोल असल्यास संशयाचा फायदा सैनिकालाच द्यावा, असा तेथील कायदा आहे. आणि देशासाठी देह झिजवणाऱ्यास तो मिळालाच पाहिजे.